सुलह कोणाची, शब्द कोणाचा?

सण तोंडावर आले की आपल्याकडे पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. मधोमध साहेब, दोन्ही बाजूंना दोन्ही समाजांतली वजनदार माणसे, चहा-बिस्किटे, चार भाषणे आणि शेवटी एक फोटो. दंगल होऊन गेल्यावरही हेच दृश्य दिसते. फक्त चेहरे जास्त गंभीर असतात आणि शेवटी गळाभेट होते. या फोटोत बाई क्वचित असते. असलीच तर एखादी नगरसेविका कडेला उभी असते. ज्या भांडणात बाईची अब्रू हे सर्वांत मोठे कारण आणि बाईचे शरीर हे सर्वांत सोपे लक्ष्य ठरते, ते भांडण मिटवताना मात्र तिला कुणी बोलावत नाही. तिच्या वतीने बाप, भाऊ, नवरा आणि मोहल्ल्यातले जाणते लोक बोलून घेतात.

शांततेच्या कामाकडे लिंगभावाच्या दृष्टीने पाहायचे म्हणजे समितीत दोन खुर्च्या बायकांसाठी वाढवायच्या, असा सोपा अर्थ अलीकडे लावला जातो. खुर्च्या वाढायलाच हव्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी संमत केलेला १३२५ क्रमांकाचा ठरावही वाटाघाटींत आणि पुनर्वसनात स्त्रियांचा सहभाग असावा, असेच सांगतो. पण मूळ प्रश्न त्याच्याही अलीकडचा, आपल्या उंबरठ्यातला आहे. दंगल थांबल्यावर जी शांतता येते तिच्यात बाईने काय करायचे असते? बोलायचे असते की गप्प बसायचे असते? ठरावांच्या कितीतरी आधी आपल्या उपखंडातल्या साहित्याने हा प्रश्न विचारला होता. फाळणीनंतरच्या दोन उर्दू कथा आणि एका मुस्लिम स्त्रीचे एक पुस्तक यांच्या आधाराने तो पुन्हा मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिली कथा राजिंदरसिंग बेदी यांची 'लाजवंती'. लुधियानाच्या एका मोहल्ल्यात पळवून नेलेल्या आणि परत आलेल्या बायकांसाठी समिती स्थापन झाली आहे. या बायकांना नुसती घरात जागा देऊन भागणार नाही, मनातही जागा द्या, असा तिचा प्रचार. समितीचा सेक्रेटरी सुंदरलाल. त्याची स्वतःची बायको लाजो पळवली गेली आहे. पूर्वी तो तिला मारहाण करीत असे आणि आता पश्चात्तापाने पोळलेला आहे. तो प्रभातफेऱ्या काढतो. देवळात रामकथा चालू असताना उठून सीतेच्या त्यागाबद्दल प्रश्न करतो. आजच्या भाषेत सांगायचे तर तो एक उत्तम शांतता कार्यकर्ता आहे आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल बेदी जराही शंका घेत नाहीत.

आणि मग वाघा सरहद्दीवरून लाजो खरोखरच परत येते. सुंदरलाल तिला घरी आणतो, मारणे सोडतो, तिला देवी मानू लागतो. लाजोच्या मनात सांगण्यासारखे खूप काही साठलेले आहे. ती ज्याच्याजवळ राहिली तो जुम्मा तिला मारीत नव्हता, तरी तिला त्याचीच भीती वाटायची, एवढे ती सांगते. नवऱ्याने पुढचे ऐकावे अशी तिची इच्छा असते. सुंदरलाल मात्र झाले गेले विसरून जाऊ म्हणून तिला थांबवतो. तिचा सारा भोगवटा तिच्या आतच राहतो. तिला पुन्हा पूर्वीची लाजो व्हायचे असते, भांडणारी आणि रुसणारी. मिळते ते देव्हाऱ्यातले स्थान. घर वसते आणि त्या वसलेल्या घरात बाई उजाड होते.

ही कथा नवऱ्याच्या निष्ठुरपणाची असती तर तिचे मोल फार नव्हते. तशा कथा पुष्कळ आहेत. सुंदरलाल चांगला आहे, हीच या कथेची धार आहे. समितीचा सगळा कार्यक्रम पुरुषांनी आपल्या मनाचा मोठेपणा वाढवावा यासाठी आखलेला आहे. बाईने काय भोगले, तिला आता काय हवे, हा प्रश्न त्या कार्यक्रमात कुठेच नाही. औदार्य दाखवणे आणि ऐकून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बेदींनी कोणताही उपदेश न करता दाखवले.

दुसरी कथा मुंबई सोडून लाहोरला गेलेल्या सआदत हसन मंटोची 'खोल दो'. ही आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असते. तरी तिच्याबद्दल बोलताना आपण एका गोष्टीवरून घाईने पुढे सरकतो. म्हाताऱ्या सिराजुद्दीनची हरवलेली मुलगी सकीना शोधायला जातात ते रझाकार तरुण. ट्रक, बंदुका, सेवेची जिद्द आणि वर कौमची खिदमत करण्याचा अभिमान, सारे त्यांच्याजवळ आहे. सकीनाला तेच शोधून काढतात आणि तिची जी अवस्था होते ती त्यांच्याच हातून. शेवटी डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो तेव्हा अर्धमेल्या सकीनाचे हात जे करतात ते वाचून डॉक्टरला दरदरून घाम फुटतो. बाप मात्र मुलगी जिवंत आहे म्हणून आनंदाने ओरडतो. मंटोवर तेव्हा अश्लीलतेचा गिल्ला झाला आणि ही कथा छापणारे 'नुकूश' मासिक सरकारने सहा महिने बंद ठेवले. खरी अडचण अश्लीलतेची नव्हती. शत्रूच्या अत्याचाराबद्दल लिहिले तर आपले लोक डोळे पुसतात. आपल्याच स्वयंसेवकांबद्दल लिहिले की समाजाची बदनामी होते. बदनामीची ही भीती आपल्याला आजही चांगली ओळखीची आहे.

या दोन कथांच्या मागे जो इतिहास आहे तो कथांहून कमी भयंकर नाही. सरकारी अंदाज असा होता की भारतात सुमारे ५० हजार मुस्लिम आणि पाकिस्तानात सुमारे ३३ हजार हिंदू व शीख स्त्रिया पळवल्या गेल्या. ६ डिसेंबर १९४७ रोजी दोन्ही देशांनी त्यांना शोधून परत पाठवण्याचा करार केला. १९४९ मध्ये भारताने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १ मार्च १९४७ च्या आधी मुस्लिम असलेली, त्यानंतर कुटुंबापासून तुटलेली आणि आता दुसऱ्याच्या घरात राहत असलेली कोणत्याही वयाची स्त्री या कायद्याने 'अपहृत' ठरली. मुलगा असेल तर वय १६ च्या आत असावे लागे. बाईला मात्र वयाची अटच नव्हती. सोळा वर्षांच्या मुलाला आपले बरेवाईट कळते, चाळीस वर्षांच्या बाईला कळत नाही, असा याचा सरळ अर्थ झाला. तिला छावणीत ठेवण्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नव्हती. वाद निघाला तर निकाल न्यायाधिकरण देणार. तिची संमती विचारण्याची तरतूद नव्हती. संविधान सभेत काही सदस्यांनी यावर आक्षेप घेतला, तरी कायदा झाला आणि १९५७ पर्यंत चालला. दोन्ही देशांत मिळून सुमारे ३० हजार स्त्रिया अशा प्रकारे परत पाठवल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना खरोखर नरकातून सोडवले गेले, हे विसरून चालणार नाही. पण कितीतरी जणींना दुसऱ्यांदा उचलून नेले गेले, हेही तितकेच खरे आहे. पहिल्या वेळी जमावाने आणि दुसऱ्या वेळी कायद्याने.

या कामात ज्या स्त्रिया उतरल्या त्यांत अनीस किडवाई हे नाव आपण विशेष आदराने घ्यायला हवे आणि आपणच ते विसरलो आहोत. त्यांचे पती शफी अहमद किडवाई मसुरीला अधिकारी होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांची तिथे हत्या झाली. अनीसबेगम दिल्लीला गांधीजींकडे गेल्या आणि गांधीजींनी त्यांना निर्वासितांच्या छावण्यांत काम करायला सांगितले. पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा इथे हजारो मुसलमान उघड्यावर पडले होते. नवऱ्याच्या खुनाला काही आठवडेही झाले नाहीत तोच ही बाई तिथे जाऊन उभी राहिली. त्या दिवसांची हकिकत त्यांनी 'आझादी की छाँव में' या उर्दू पुस्तकात सांगितली आहे. १९४९ च्या सुमारास लिहिलेले हे पुस्तक १९७४ मध्ये छापले गेले. त्यांच्या नातीने, आयेशा किडवाई यांनी, केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये आले.

फाळणीवरच्या पुढाऱ्यांच्या आठवणी आपण वाचतो तेव्हा त्यांत तारखा, बैठका, तह आणि रुसवेफुगवे असतात. अनीस किडवाईंच्या पुस्तकात तंबू आहेत, आजारी मुले आहेत, आडोशाशिवाय होणारी बाळंतपणे आहेत, बेवारस मृतदेहांचे दफन आहे. शांततेचे काम म्हणजे काय, हे या पुस्तकात भाषणांतून कळत नाही, कामांच्या यादीतून कळते. पाणी, कांबळे, औषध, हरवलेल्या माणसाचा शोध. ही सारी घरातल्या बाईची रोजची कामे छावणीच्या आकाराची झालेली आहेत. ज्या कामाला घरात कुणी काम म्हणत नाही, त्याच कामावर त्या वेळी माणुसकी तगून होती. पुस्तकाचे पहिले मोठेपण हे.

दुसरे मोठेपण अधिक अवघड आहे. पळवलेल्या मुलींची वाटणी कशी होई, जमावानंतर रक्षण करणाऱ्यांचाही हिस्सा त्यात कसा असे, हे लेखिका दबक्या आवाजात सांगत नाही. आणि परत यायला नकार देणाऱ्या मुलींबद्दल लिहिताना ती स्वतःला सोडत नाही. या मुलींना त्या घरात सुख वाटते, असे म्हणणाऱ्यांवर ती चिडते. हातोहात फिरवली गेलेली मुलगी शेवटी ज्याने बरे वागवले त्याला धरून राहते, तर त्या धरून राहण्याला सुख म्हणायचे का, असा तिचा सवाल आहे. पण त्याच वेळी आपण हिला कुठे नेणार आहोत, घरचे हिला घेतील का, हिच्या पोटातल्या मुलाचे काय, हे प्रश्नही ती टाळत नाही. बाईचा होकार दहशतीखाली दिलेला असू शकतो आणि बाईचा नकार खरा असू शकतो. ही दोन्ही सत्ये एका हातात धरणे कार्यकर्त्याला सर्वांत जड जाते. अनीस किडवाई ती धरतात. कायद्याला ते जमले नाही. याच कामात जबाबदारीच्या जागी असलेल्या रामेश्वरी नेहरू यांना सक्तीची ही पद्धत मान्य झाली नाही आणि १९४९ मध्ये त्या कामातून बाजूला झाल्या. म्हणजे त्या काळी दुसरा विचार कुणाला सुचलाच नव्हता, असे म्हणायची सोय नाही.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यातल्या पीडित बाया सलगपणे, स्वतःच्या तोंडाने बोलत नाहीत. आपण त्यांना लेखिकेच्या आठवणीतून ऐकतो. ती शिकलेली, नामांकित घराण्यातली, रफी अहमद किडवाईंची भावजय. तंबूतली बाई आणि ती यांच्यात अंतर होतेच. त्या बायांचे स्वतःचे बोलणे ऐकण्यासाठी आपल्याला पन्नास वर्षे थांबावे लागले. १९९८ मध्ये उर्वशी बुटालिया यांचे एक आणि रितू मेनन व कमला भसीन यांचे एक, अशी दोन इंग्रजी पुस्तके आली आणि म्हाताऱ्या झालेल्या बायका बोलल्या. पन्नास वर्षे हा फार मोठा गप्पपणा आहे.

इथे आपल्यातला एखादा वाचक म्हणेल की बाईची मर्जी विचारण्याची ही कल्पना पश्चिमेची आहे, आपल्या परंपरेत ती कुठे? त्याला हुदैबियाकडे घेऊन जायला हवे. हिजरी ६, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी कुरैशांशी केलेला तह हा शांततेसाठी स्वतःकडे कमीपणा घेण्याचा मोठा आदर्श म्हणून आपण नेहमी सांगतो. तहाच्या अटी साथीदारांच्या पचनी पडल्या नव्हत्या. कुर्बानी करून डोकी मुंडवा, असे तीनदा सांगूनही कुणी उठेना. तेव्हा पैगंबरसाहेब तंबूत गेले आणि उम्मे सलमांशी बोलले. त्यांनी सल्ला दिला: कुणाशी काही न बोलता आपणच बाहेर जाऊन कुर्बानी करा. तसे झाले आणि मग सारे उठले. इतक्या नाजूक क्षणी तहाची बाजू एका बाईच्या सल्ल्याने सावरली गेली. आपल्या तकरिरींत हुदैबिया येते, पण हा तंबूतला सल्ला फारसा येत नाही.

पुढची गोष्ट तर आपल्या विषयाला थेट भिडते. मक्केहून जो कुणी पालकाच्या परवानगीवाचून मदिनेला येईल त्याला परत पाठवायचे, अशी तहात अट होती. तिच्यानुसार बेड्यांत आलेल्या अबू जंदलला परत जावे लागले. नंतर उक्बाची मुलगी उम्मे कुलसूम एकटीच मक्केहून निघून मदिनेला आली. तिचे भाऊ तिला मागायला आले. त्या प्रसंगी सूरह मुम्तहिनातला आदेश उतरला: अशा स्त्रियांची विचारपूस करा आणि त्या श्रद्धेने आल्या असतील तर त्यांना परत पाठवू नका. तहाचे ते कलम स्त्रियांना लागू होते की नव्हते, यावर भाष्यकारांनी चर्चा केली आहे. पण घडले ते एवढे स्पष्ट आहे की भाऊ मागत होते, तह ताजा होता, तरी बाईला आधी विचारले गेले आणि तिच्या उत्तराला मान मिळाला. हा आदेश मुख्यतः श्रद्धेच्या संदर्भातला आहे, आजच्या नागरी हक्कांची भाषा त्यात शोधू नये, हे मला मान्य आहे. तरीही १९४९ चा कायदा आणि हा प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. चौदाशे वर्षांपूर्वी जी विचारपूस झाली, ती स्वतंत्र भारतात आणि इस्लामच्या नावाने निर्माण झालेल्या पाकिस्तानातही झाली नाही.

बायकांना सुरुवातीपासून घेतले तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याच उम्मतमध्ये आहे. केनियाच्या ईशान्येला वजीर नावाचा सोमाली मुसलमानांचा जिल्हा आहे. शेजारच्या सोमालियाची घडी विस्कटल्यावर, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळ आणि बंदुका यांमुळे तिथल्या टोळ्यांत रक्तपात सुरू झाला. देखा इब्राहिम अब्दी ही तरुण आई एका रात्री गोळीबार चालू असताना पोराला घेऊन पलंगाखाली लपली. सकाळी तिची आई म्हणाली, तुला घेऊन मीही अशीच लपले होते. त्या दोन पिढ्यांच्या पलंगाखालून काम सुरू झाले. मूठभर बायका जमल्या आणि त्यांनी आधी बाजार हाती घेतला. कोणत्याही टोळीच्या बाईला तिथे निर्धास्तपणे विकता-विकत घेता आले पाहिजे, आणि कुणी त्यात आडवे आले तर बायकांनीच दखल घ्यायची. बाजार शांत झाल्यावर त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या आणि सर्वांत लहान टोळीतल्या एका बुजुर्गाला त्यांनी बोलायला पुढे केले, कारण त्याच्यापासून कुणाला धोका वाटत नव्हता. पुढे तरुण, अधिकारी, सारे जोडले गेले. २००७ मध्ये देखा यांना राईट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये त्या वारल्या. त्यांनी शांतता बाजारापासून सुरू केली, कारण भाजी आणि दूध बंद झाले की आधी कुणाच्या घरात कळते हे त्यांना ठाऊक होते.

याचा अर्थ बाई जात्याच शांत आणि पुरुष जात्याच भांडखोर, असा काढू नये. तो सुंदरलालच्या देव्हाऱ्याचाच दुसरा प्रकार झाला. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीत जमावाला साथ देणाऱ्या बायकाही होत्या. बाईला बोलावायचे ते ती देवी आहे म्हणून नव्हे. तिला जे ठाऊक असते ते इतरांना ठाऊक नसते, आणि शांततेची किंमत तिच्याकडूनच सर्वांत आधी वसूल होते, म्हणून.

आता आपल्या लेखनाकडे वळू. श्रीकृष्ण आयोगाने मुंबईच्या त्या दोन महिन्यांतले ९०० मृत्यू नोंदवले, त्यांत ५७५ मुसलमान होते. या जखमेतून मराठी मुस्लिम कथा-कवितेत पुष्कळ लेखन झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्या लेखनातली बाई पाहा. ती बहुधा रडणारी आई असते, फाटलेल्या ओढणीची बहीण असते किंवा मेलेली असते. कवी तिच्यासाठी संतापतो, तिच्याकडून काही ऐकत नाही. कर्फ्यूत दूध कुठून आणले, मुलाच्या हातातला दगड कसा काढून घेतला, छावणीतून परतल्यावर शेजारणीशी पहिले वाक्य काय बोलली, हे तिलाच ठाऊक आहे आणि ते आपल्या साहित्यात फार थोडे आले आहे. बाईने स्वतः बोलावे म्हटले की काय होते, हे रझिया पटेल यांचे 'चाहूल' आणि मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' या मराठी पुस्तकांनी दाखवून दिले आहे. त्यांच्या मतांशी कुणी सहमत असो वा नसो, त्या पानांवर बाई कुणाच्या तरी अब्रूचे चिन्ह म्हणून उभी नाही.

आणि विसरून जा म्हणणाऱ्यांना एक उदाहरण आठवून द्यावे. २००२ मध्ये गुजरातेत बिल्किस बानोवर सामूहिक अत्याचार झाला, तिच्या कुटुंबातली माणसे मारली गेली, त्यात तिची तीन वर्षांची मुलगीही होती. गुजरातेत न्याय मिळणे कठीण म्हणून सर्वोच्च न्यायालयाने खटला मुंबईला पाठवला. २००८ मध्ये आपल्या मुंबईतल्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप दिली. २०२२ मध्ये त्यांना शिक्षेत सूट देऊन सोडले गेले आणि ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. या बावीस वर्षांत ती गप्प बसली असती तर वर्तमानपत्रांच्या भाषेत सारे कसे शांत शांत झाले असते. तिने हाती शस्त्र घेतले नाही, सूड मागितला नाही, साक्ष दिली. अहिंसेचा याहून मोठा पाठ मला ठाऊक नाही. साक्ष देणे हेही शांततेचे काम आहे, आणि कदाचित सर्वांत धोक्याचे.

बेदींची लाजो अजून त्या घरात बसली आहे. तिच्याकडे सांगायला काहीतरी आहे आणि नवरा तिला देवी म्हणतो आहे. पुढच्या वेळी शांतता समितीचे बोलावणे येईल, तेव्हा आपण एकटे जाऊ नये. घरातल्या, शेजारच्या, पलीकडच्या गल्लीतल्या एखादीला बरोबर न्यावे. आणि ती बोलू लागली की साहेबांच्या घड्याळाकडे न पाहता तिचे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.